चिलटाच्या पेशींतील रफूगार

पिकल्या केळ्यांभोंवतीं घिरट्या घालणारें चिलट आपण हातानें सहज हाकलून देतों. परंतु आनुवंशिकतेचीं कित्येक गूढें याच क्षुद्र जीवानें उकलून दिलीं आहेत. उबदार जागीं त्याची नवी पिढी सुमारें दहा दिवसांत तयार होते, आणि त्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या चारच जोड्या असतात. म्हणूनच १९१० सालीं न्यूयॉर्क येथें मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचें चिलट आढळल्यापासून शास्त्रज्ञांनीं त्याची संगत सोडलेली नाहीं. क्ष-किरणांनीं जनुकांत बिघाड होतो, हें मुलर यांनीं १९२७ सालीं चिलटांवरच सिद्ध केलें.

आतां प्रश्न असा कीं, ऊन, किरण व पेशीचा स्वतःचा व्यवहार यांमुळें डीएनएचा धागा नित्य विरत असतां जीव टिकतो कसा? प्रत्येक पेशींत जणूं एक रफूगार बसलेला असतो. बिघडलेला तुकडा तो कापून काढतो आणि समोरच्या धाग्याबरहुकूम नवा विणतो.

खरें नवल पुढेंच आहे. मादीच्या शरीरांत अंडें तयार होतांना आईकडून व बापाकडून आलेलीं गुणसूत्रें शेजारीं येतात, आणि पेशी आपण होऊन धागा तोडते. तो सांधतांना दोहोंमध्यें तुकड्यांची अदलाबदल होते. हेंच पुनःसंयोजन. नर चिलटांत तें होत नाहीं. या अदलाबदलीच्या गांठीनें जोडी एकत्र राहते आणि पुढें तिची वांटणी बिनचूक होते.

१९७२ सालीं बेकर व कार्पेंटर यांनीं वर्णिलेलें 'मेइ-९' हें जनुक पाहा. तें बिघडलेल्या मादींत ही अदलाबदल सुमारें दहाव्या हिश्श्यावर येते; वांटणी चुकते व पुष्कळ अंडीं वांयां जातात. पुढें १९७६ सालीं दिसून आलें कीं, हाच बिघाड असलेल्या अळ्या डीएनएला इजा करणाऱ्या रसायनांनीं लौकर मरतात. तात्पर्य, दुरुस्ती व अदलाबदल या दोन्ही कामीं तोच रफूगार राबतो!

याचा आपल्याशीं संबंध काय? माणसांत 'बीआरसीए २' या दुरुस्तीच्या जनुकांत उपजत दोष असल्यास स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. चिलटांतहि त्याचा जोडीदार आहे; तो बिघडल्यास अंडें घडतांना तुटलेले धागे नीट सांधले जात नाहींत. पनवेल तालुक्यांत खारघर येथें टाटा स्मारक केंद्राची संस्था कर्करोगावर उपचार व संशोधन करते; तेथील कामालाहि हें ज्ञान उपयोगी आहे.

असा रोग घरांत निघाला कीं कित्येकदां आईच्या माहेराकडे बोट दाखविलें जातें. तें अन्यायाचें आहे. हा दोष बापाकडूनहि येतो. आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. शिवाय दोष मिळाला म्हणजे रोग जडलाच, असेंहि नाहीं. म्हणून ज्या घरांत असे रोगी एकाहून अधिक झाले, त्यांनीं लाज न धरतां तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वेळींच केलेल्या तपासणीनें प्राण वांचूं शकतात.