भरल्या घरातलं एकटेपण

परदेशात कुणाचं मन खचलं की आपल्याकडे दोन निदानं तयार असतात. एकतर माणूस मुळातच कच्चा, नाहीतर तिकडची काळोखी हवा बाधली. नेदरलँड्समधल्या अभ्यासांपुढे दोन्ही टिकत नाहीत. डच वसाहत असलेलं सुरिनाम 1975 साली स्वतंत्र झालं, त्या सुमारास तिथली जवळजवळ एक तृतीयांश प्रजा नेदरलँड्सला आली. पुढे या लोकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण डच लोकांपेक्षा बरंच जास्त दिसलं. कच्चेच तेवढे निघून आले असतील का? मनोविकारतज्ज्ञ जाँ-पॉल सेल्टन यांनी उलटा हिशेब मांडला: अख्खं सुरिनाम स्थलांतरित झालं असं धरलं, तरी वाढीचा उलगडा होत नाही. हेगमधल्या पाहणीत तर स्थलांतरितांपैकी ज्यांच्या वस्तीत आपल्या समाजाची माणसं भरपूर, त्यांच्यात हा फरक फारसा उरला नाही. हवा काय, साऱ्या शहरात एकच!

मग आपली माणसं भोवती असली की निभावलं? तसंही नाही. 1873पासून मुख्यतः बिहार-उत्तर प्रदेशातून करारावर सुरिनामला नेलेल्या मजुरांचे वंशज, म्हणजे हिंदुस्तानी, हेगमध्ये मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या तरुण मुलींत आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण डच मुलींपेक्षा जास्त आढळलं, आणि ही घरं काही ओस नव्हती. डायना फान बेर्गन यांच्या संशोधनात कारण दिसतं ते असं, की शिक्षण, लग्न, घराबाहेर पडणं यांतलं काहीच मुलीच्या हाती नाही आणि वर इभ्रतीचा पहारा. आधार देणारं घरच कोंडूही शकतं. आम्ही भारतातून नोकरीला आलेले आयटीवाले, आमचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण ‘लोक काय म्हणतील’ हे पगार पाहून थांबत नाही. हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या ॲम्स्टलव्हीनला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात साडेबारा झालेले असतात. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ‘सगळं ठीक’ म्हणून झालेलं असतं.

‘जिवाचं काही करावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूतही खोटी. विचारल्याने बहुधा बोलणं सुटतं. डॉक्टरांकडे गेलं की कंपनीला कळेल, ही भीतीही निराधार आहे: हाउसआर्ट्स, म्हणजे नेदरलँड्समधला फॅमिली डॉक्टर, गोपनीयतेने बांधलेला असतो आणि त्याच्या भेटीला विम्याची स्वतः भरायची रक्कम लागू होत नाही. जीव धोक्यात असेल तर 112. मनात आत्महत्येचे विचार येत असतील, किंवा जवळच्या कुणाबद्दल काळजी वाटत असेल, तर 113 किंवा 0800-0113. फोन मोफत आहे, दिवसरात्र उचलला जातो, आणि नाव सांगावं लागत नाही.