अर्ध्या मिनिटाची जाहिरात आणि तिचा कागद

ठिबकच्या नळ्या कशा धुवाव्यात हे दाखविणारा शेतकरी किंवा चुलीवर भाकरी थापणारी गृहिणी यांची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत आज हजारो लोक मोबाइलवर पाहतात. काही दिवसांनी त्याच भाकरीशेजारी एखाद्या कंपनीच्या मसाल्याचा पुडा दिसू लागतो. मधल्या काळात कोणता व्यवहार झाला, हे पाहणाऱ्यास कळत नाही. चित्रफीत करणाऱ्यासही तो पुष्कळदा पुरता उमगलेला नसतो. करारपत्र वाचून दाखवा म्हणून घरची मंडळी शाळेतील गुरुजींकडे किंवा सरपंचांकडे येतात. म्हणून हा व्यवहार जाणून घेतलेला बरा.

आखूड चित्रफितींची गोडी आपल्याकडे मुख्यतः टिकटॉकने लावली. 29 जून 2020 रोजी केंद्र शासनाने त्यावर बंदी घातली. लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात सुरू झाले. एखाद्या तेलाच्या कंपनीला तालुक्यातालुक्यांतील असे शेकडो लोक स्वतः शोधणे शक्य नसते. या गरजेतूनच मध्यस्थ मंच निर्माण झाले. फेमबिट हा त्यांपैकी एक. गूगलने तो 2016 मध्ये विकत घेतला आणि 2020 मध्ये त्याला यूट्यूब ब्रँडकनेक्ट हे नाव दिले. इन्स्टाग्रामने स्वतःची अशी बाजारपेठ 2024 मध्ये भारतासाठी खुली केली. याखेरीज अनेक खाजगी संस्था हेच काम करतात.

मंचावर कंपनी आपली मागणी मांडते : कोणती वस्तू, कोणती भाषा, कोणत्या वयाचा प्रेक्षक, किती मोबदला. निर्माता अर्ज करतो, किंवा कंपनीच आकडे पाहून त्याला निवडते. चित्रफितीचा मसुदा मंजूर झाला की ती प्रसिद्ध होते आणि सामान्यतः मंचाचे दलाली कापून पैसे मिळतात. थोडक्यात, ही अडतच होय. फरक एवढाच की, बाजार समितीच्या आवारातील वजनमापाला व चुकाऱ्याला 1963 च्या कायद्याचे बंधन आहे. येथे बहुतांशी जे करारात लिहिले असेल तेच बंधन.

वजनमापाचेच पाहा. 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्ट्सवर चित्रफीत नुसती सुरू झाली तरी ती ‘पाहिली’ असे मोजले जाते. किती वेळ पाहिली याची अट उरलेली नाही. तेव्हा मोबदला पाहिल्याच्या संख्येवर ठरणार असेल, तर ती संख्या कोणत्या रीतीने मोजावयाची हे आधी लिहून घ्यावे.

करारात आणखी दोन कलमे विशेष जपून वाचावीत. पहिले वापराच्या हक्काचे. एकदा पैसे देऊन तीच चित्रफीत कंपनी किती महिने आणि कोठेकोठे दाखविणार, याची मुदत नसेल तर निर्मात्याचा चेहरा वर्षानुवर्षे जाहिरातीत राहू शकतो. दुसरे, प्रतिस्पर्धी कंपनीचे काम न करण्याचे. दोन हजार रुपयांसाठी वर्षभर हात बांधून घेणारे कलम तरुण मंडळी न वाचता मान्य करतात. पैसे कधी मिळणार, ही तारीख तर असलीच पाहिजे.

रोख रकमेऐवजी वस्तू देण्याचीही प्रथा आहे. वर्षभरात अशा वस्तूंचे मूल्य 20,000 रुपयांहून अधिक झाल्यास 1 जुलै 2022 पासून त्यावर 10 टक्के कर उगमस्थानी कापावा लागतो. चित्रीकरणानंतर वस्तू परत केली तर मात्र हा प्रश्न येत नाही. जाता जाता : शासकीय कर्मचाऱ्यांनी असा मोबदला घेण्यापूर्वी 1979 चे वर्तणूक नियम पाहावेत, पूर्वपरवानगीविना खाजगी धंदा त्यांना वर्ज्य आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रेक्षकाची. शेजारच्या गावचा शेतकरी औषधाची स्तुती करतो, तेव्हा ऐकणारा त्याला अनुभव समजतो, जाहिरात नव्हे. त्या विश्वासावर कोणी फवारणी केली आणि पीक गेले, तर ते मोठेच नुकसान. म्हणूनच 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दिलेल्या सूचना यांनुसार, पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चित्रफितीत लिहून आणि बोलूनही, आणि जाहिरातीच्याच भाषेत. मराठी चित्रफितीच्या कोपऱ्यात इंग्रजीत बारीक अक्षरे टाकल्याने हे भागत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषद ही उद्योगांची स्वयंनियामक संस्था आहे. तिच्या 2021 च्या नियमांप्रमाणे 15 सेकंदांहून लहान चित्रफितीत ही सूचना किमान 3 सेकंद, तर त्याहून मोठ्या पण 2 मिनिटांच्या आतील चित्रफितीत एकतृतीयांश वेळ दिसली पाहिजे. म्हणजे अर्ध्या मिनिटात 10 सेकंद.

दिशाभूल झाल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जाहिरात करणाऱ्या व्यक्तीसही 10 लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय एक ते तीन वर्षांपर्यंत जाहिरात करण्यास मनाई. आपण दाव्याची खातरजमा केली होती, हे दाखविता आले तर दंडातून सुटका होते. त्यासाठी कंपनीकडून दाव्याचा पुरावा लेखी मागावा आणि करारपत्राबरोबर जपून ठेवावा. फसलेल्या ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. तक्रारीसोबत चित्रफितीचा दुवा आणि ती पाहिल्याची तारीख नोंदवावी.