भात सढळ, सुरमई मोजून

माझ्या सासूबाईंच्या वहीत चार रकाने असतात. तारीख, ताटं, उरलं आणि शेवटचा ‘परत गेले’. या चौथ्या रकान्यात आकडा नसतो, उभ्या रेघा असतात. दुपारी अडीच-पावणेतीनला लाल मातीने पाय भरलेलं एखादं कुटुंब दारात येतं, ‘जेवण मिळेल का?’ विचारतं, आणि आत पातेली घासायला गेलेली असतात. ती माणसं पाठ फिरवून चालू लागली, की माणशी एक रेघ. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला हे कुणी सांगितलं, देव जाणे. मी पुण्यात संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, आणि लग्न होऊन माथेरानला आल्यावर पहिले काही महिने मला तो रकाना म्हणजे उगाचची हळहळ वाटायचा.

आमचं लॉज बारा खोल्यांचं, बाजारपेठेपासून जरा आत, झाडीत. रविवारी दुपारी बाहेरच्या माणसांनाही जेवण देतो. सकाळी येऊन संध्याकाळी उतरणारी मुंबई-पनवेलची मंडळी असतात. किती जणांचा स्वयंपाक टाकायचा, हा प्रश्न दर शनिवारी रात्री उभा राहतो. खालच्या गावात हा प्रश्न एवढा छळत नाही. कमी पडलं तर पोराला दुचाकीवर पिटाळायचं. इथे ॲम्ब्युलन्स सोडली तर गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते. ई-रिक्षा आल्या आहेत, पण त्या माणसांसाठी. पुढचे अडीच-तीन किलोमीटर कांदा, तांदूळ, गॅसची टाकी, सगळं घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर. शनिवारी जे मागवलं नाही, ते रविवारी दुपारी येत नाही.

तर तो चौथा रकाना. समजा चाळीस ताटं केली आणि चाळीसही गेली. वही म्हणणार, चाळीस माणसं आली. आली असतील चाळीस, आली असतील साठ. विक्री आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जे गिऱ्हाईक परत गेलं त्याची पावती फाटत नाही. संगणकावर पै-पैचा हिशेब ठेवणारी मोठी दुकानंही याच जागी चकतात. माल संपला त्या दिवसाची विक्री हीच मागणी धरतात, पुढच्या वेळी तेवढाच मागवतात, पुन्हा संपतो, आणि कुणालाच कळत नाही की आपण वर्षभर कमी विकतोय. सासूबाईंच्या रेघा ताटांत मिळवल्या, की खरी मागणी हाती येते.

एका हिवाळ्यातले वीस रविवार मी तसे मिळवून लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले: १८, २१, २२, २४, २५, २६, २८, २८, ३०, ३१, ३३, ३४, ३६, ३८, ४१, ४४, ५२, ५८, ६३, ६८. बेरीज ७२०. सरासरी ३६. यांनी लगेच निकाल दिला, ‘मग छत्तीस ताटं करा की.’ आमच्या घरात सरासरीला फार मान आहे. पण ओळ पुन्हा पाहा. वीस रविवारांत नेमकी छत्तीस माणसं एकदाच आलेली आहेत.

सरासरी कशी फसवते हे आम्हा डोंगरावरच्या लोकांना २६ जुलै २००५ ने शिकवलं. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्हींची सरासरी काढली तर पाचशेच्या वर जाते. तेवढा पाऊस या दोहोंपैकी कुठेच पडला नव्हता.

माझं माहेर कर्जतचं. वडील रेल्वेत. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जी इंजिनं लागतात, ते बँकर, त्यांवर त्यांची नोकरी. पुण्याकडे जाणारी डेक्कन क्वीन त्यासाठी कर्जतला थांबायची. गणिती नि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये होते, १९६२ पर्यंत, तेव्हा याच गाडीने पुणे-मुंबई ये-जा करत, हे मला कॉलेजात कळलं आणि कोण अभिमान वाटला! जणू वडिलांनीच त्यांना घाटावर ढकलून पोचवलं. कोसंबींनी प्राचीन आहत नाणी हजारोंनी तोलली होती. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं. त्यामुळे जास्त फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन तर घटतंच, पण त्यांच्या वजनांतली आपापसांतली तफावतही वाढते. सरासरीइतकंच त्यांनी त्या तफावतीकडे पाहिलं, आणि त्यावरून नाण्यांचा क्रम लावला. (कोसंबींचा जन्म १९०७ चा, आमची नेरळ-माथेरान गाडीही १९०७ ची. यातून काहीही सिद्ध होत नाही, हे सांगायला तरी माझी पदवी कामाला येते.)

आमच्या रविवारांतही पाहण्यासारखी गोष्ट ३६ नाही, १८ ते ६८ हा पसारा आहे. आणि तो पसारा पोटात घेऊन निर्णय कसा करायचा, ते सासूबाई एका वाक्यात सांगतात: ‘भात सढळ टाक, सुरमई मोजून आण.’

हे मी कागदावर उतरवून पाहिलं. साधं ताट दोनशे रुपयांचं. त्याला माल नि गॅस मिळून पन्नास. म्हणजे माणूस परत गेला, की दीडशे रुपये बुडाले. ताट उरलं तर? त्यातलं वीसेक रुपयांचं आमच्या कामकरी माणसांच्या रात्रीच्या जेवणात जातं, खरं नुकसान तीस. एक चूक दीडशेची, दुसरी तीसची. आता एकेक ताट वाढवत जाऊ. बावन्नावं ताट करावं का? ओळीत बावन्न किंवा जास्त माणसं चार रविवारी आली. चार गुणिले दीडशे, सहाशे मिळाले. उरलेल्या सोळा रविवारी ते वाया, सोळा गुणिले तीस, चारशे ऐंशी गेले. करावं. त्रेपन्नावं? ते तीनच रविवारी खपतं. साडेचारशे मिळतात, पाचशे दहा जातात. करू नये. उत्तर ५२. सरासरीपेक्षा तब्बल सोळा जास्त.

आता असं धरा, की याच वीस रविवारी या सगळ्यांनी सुरमईचंच ताट मागितलं असतं. चारशे वीसचं ताट, खर्च दोनशे ऐंशी. बर्फात घालून खालून आणलेला मासा उरला, की दोनशे ऐंशीच्या दोनशे ऐंशी गेले. गिऱ्हाईक परत गेलं तर एकशे चाळीस. अठ्ठाविसावं ताट चौदा रविवारी खपतं: मिळतात एकोणीसशे साठ, जातात सोळाशे ऐंशी. चालेल. एकोणतिसावं बारा रविवारी: मिळतात सोळाशे ऐंशी, जातात बावीसशे चाळीस. थांबा. उत्तर २८.

माणसं तीच, रविवार तेच. भातासाठी ५२, सुरमईसाठी २८, आणि यांची ३६ दोन्हीकडे चुकीची. किती माणसं येतील, हे आपल्या हातात नसतं. कोणती चूक आपल्याला स्वस्त पडते, ते मात्र आधी मोजता येतं.

पुस्तकात याला पेपर विकणाऱ्या पोराचा प्रश्न म्हणतात. सकाळी किती अंक उचलायचे? कमी उचलले तर नफा हुकतो, जास्त उचलले तर संध्याकाळी रद्दी. त्याही आधी, १८८८ मध्ये, एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हाच विचार बँकेसाठी मांडला होता. सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला येत नाहीत, मग तिजोरीत रोकड किती ठेवावी? लंडनची बँक आणि आमचं डाळीचं पातेलं यांचं गणित एकच आहे, हे मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. ‘बँकवाल्यांना उरलेलं कुत्र्याला घालावं लागत नाही,’ त्या म्हणाल्या.

आई नेहमीच बरोबर असतात असं नाही हं. ते ६८ आहे ना, त्या दिवशी आम्ही बावन्न वाढले आणि सोळा जण परत गेले. सोळा रेघा मारताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. पुढचे पाच रविवार त्यांनी सत्तरचं रांधायला लावलं आणि डाळ तीन दिवस पुरली. ताजा चटका आकड्यांपेक्षा मोठा होतो. मी पुन्हा ओळ काढून बसले, तेव्हा दिसलं की वरचे चारही रविवार, ५२ पासून ६८ पर्यंत, मागे किंवा पुढे सुट्टी जोडून आलेले. म्हणजे माझ्या ओळीत दोन जातींचे रविवार मिसळले होते, आणि माझं ते झकास ५२ हे उत्तरही त्या मिसळीतूनच आलं होतं. कॉलेजात यावर मार्क कापले असते. सुटे रविवार सोळा उरतात. त्यांची सरासरी तीसच्या आसपास, आणि साध्या ताटाचं तेच गणित केलं तर उत्तर येतं ३८. जोडसुट्टीचा रविवार वेगळा, तिथे ६८.

पण जोडसुट्टीचे आकडे चारच आहेत, आणि चारावर किती भिस्त ठेवायची? डब्लिनच्या गिनेस या बीअरच्या कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा माणूस होता. बार्ली, हॉप्स यांच्या चाचण्या महागड्या, नमुने मोजकेच हाती येणार. थोड्या आकड्यांवरून काढलेली सरासरी किती डळमळीत असते, ते मोजण्याची रीत त्याने बसवली आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापली. छोट्या धंदेवाल्याला त्याच्याकडून एवढंच घ्यायचं, की चार आकड्यांनी जे सांगितलं त्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडायची. म्हणून जोडसुट्टीला आम्ही ६८ चा भात शिजवत नाही. पन्नासचा शिजवतो आणि वीसचे तांदूळ धुऊन बाजूला ठेवतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांएवढा वेळ गिऱ्हाईक थांबतं. निर्णय अर्धा पुढे ढकलता आला, तर अंदाज कमी बरोबर असला तरी भागतं.

खोल्यांचं मात्र उलट. दहातलं एखादं बुकिंग आयत्या वेळी रद्द होतंच, तेव्हा बारा खोल्यांवर तेरा बुकिंग घ्यावीत, असं आमचे भावोजी वारंवार सुचवतात. शहरातली हॉटेलं घेतात, विमान कंपन्या तर उघड घेतात. एक खोली रिकामी राहिली तर आमचं एका रात्रीचं भाडं जातं. पण तेराही आले तर? मुंबईत टॅक्सी करून शेजारच्या हॉटेलात पोचवता येतं. इथे रात्री नऊ वाजता, धुक्यात, झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन एखाद्या बाईला शनिवारच्या भरलेल्या माथेरानात दुसरी खोली शोधायला पाठवायचं? त्या चुकीची किंमत रुपयांत लिहायला मी बसले होते. किती लिहू ते सुचेना, आणि तेच उत्तर होतं. आम्ही बाराच घेतो.

भावोजींचा दुसरा बेत मिनी ट्रेनचा. नेरळपासून गाडीची सफर आणि मुक्काम मिळून एक रक्कम, वर्षभर आधी घ्यायची, गाडी बंद असली तर सफरीचे पैसे परत. मग गाडी बंद असण्याची शक्यता किती? २००५ च्या त्या पावसाने रूळ वाहून गेले, गाडी परत सुरू झाली २००७ मध्ये. मे २०१६ मध्ये डबे घसरले, नेरळपासूनची पूर्ण फेरी आली जानेवारी २०१८ मध्ये. २०१९ च्या पावसाळ्यात मार्ग पुन्हा उखडला, तो २२ ऑक्टोबर २०२२ ला खुला झाला. सव्वासतरा वर्षांत सुमारे साडेसहा वर्षं खंड. म्हणजे शंभरातले अडतीस दिवस! भावोजी गप्प झाले.

खरं तर त्यांनी मला तिथेच पकडायला हवं होतं. मी मोजणी सुरू केली ती एका बंदच्या दिवशी आणि संपवली तीही बंद उठला त्या दिवशी. दोन्ही टोकं सोयीची धरली, की प्रमाण फुगणारच. शिवाय पावसाळ्याचे चार महिने नेरळहून गाडी एरवीही नसते, ते मी खंडात धरले. उलट पीरभॉयांनी सोळा लाख घालून गाडी सुरू केली त्या १९०७ पासून मोजलं, तर खंडाचा वाटा कितीतरी खाली येतो. दोन्ही आकडे खरे, कारण खिडकी वेगळी. कोणती खिडकी धरायची हे गणित सांगत नाही. गेल्या वीस वर्षांत डोंगर कसा खचतोय, हे रोज पाहणारी मी अलीकडची खिडकी धरते. भावोजींना दुसरी धरायचा हक्क आहे, पण पैसे परत करताना गल्ल्यावर मी बसते.

गेल्या शनिवारी रात्री मुलाने फोनवर भाजी सांगताना विचारलं, ‘आई, उद्या किती?’ कॅलेंडर पाहिलं. मागे-पुढे सुट्टी नाही. ‘अडतीस,’ मी म्हटलं. आतल्या खोलीतून आवाज आला, ‘चाळीस कर गं, वारा पडलाय, माणसं येतील.’ वारा पडला की माणसं येतात, याची नोंद वहीत कुठेच नाही. मी अडतीसवर ठाम राहिले.

एक्केचाळीस आले. शेवटचे तीन कल्याणहून आलेले कॉलेजचे मुलगे होते. त्यांना ताक दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत आईंनी उशाखालची वही काढून पेन माझ्या हातात दिलं होतं.