‘हो’ दाबायचं की ‘नाही’?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतले दरमहा १५०० रुपये जुन्या नाशकातल्या, वडाळ्यातल्या किंवा मालेगावच्या यंत्रमाग वस्तीतल्या कितीतरी घरांत थेट किराण्याला किंवा मुलांच्या शिकवणीला लागतात. जुलै २०२४ मध्ये योजना सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये संकेतस्थळावर ई-केवायसी करणं सक्तीचं झालं. मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, ती पुढे ३१ डिसेंबर झाली.

पैसे अडले ते कित्येकदा पात्रतेमुळे नव्हे, एका वाक्यामुळे. कुटुंबातील कोणी सरकारी नोकरीत नाही, अशा नकारार्थी अंगाने विचारणा होती आणि उत्तराला दोनच पर्याय, ‘हो’ आणि ‘नाही’. घरात कोणी सरकारी नोकर नाही, म्हणून बाईने सरळ मनाने ‘नाही’ दाबलं. संगणकाने त्याचा अर्थ उलटा लावला: ‘नोकरीत नाही’ हे खरं नाही, म्हणजे नोकरीत आहे! शेवटी जानेवारी २०२६ मध्ये, चुकीचा पर्याय निवडला गेलेल्या बहिणींची अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. ‘घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?’ एवढंच विचारलं असतं तर सेविकांच्या त्या फेऱ्या वाचल्या असत्या.

दुसरी अडचण पती किंवा वडिलांच्या आधारची. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येणार, आणि तो मोबाइल पतीच्या खिशात, पती रिक्षावर किंवा रात्रपाळीला. ओटीपीचा वेळ संपला की पुन्हा पहिल्यापासून. विधवा किंवा तलाक झालेल्या आणि वडीलही हयात नसलेल्या बहिणींनी तिथे काय भरायचं, याचा विचारच नव्हता. नोव्हेंबरमध्ये वाट काढली गेली: स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. पण आपल्याकडे खुला किंवा तलाकचा कागद पुष्कळदा काझींकडचाच असतो, कोर्टाचा नसतो.

फॉर्म सोपा करणं म्हणजे रंग आणि चित्रं बदलणं नव्हे. ब्रिटनने २०१२ मध्ये सरकारी संकेतस्थळं एकत्र आणली. तिथल्या अर्जांत साधारणपणे एका पानावर एकच गोष्ट विचारतात. संकेतस्थळांच्या सुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये लिहिलं होतं की पाच माणसांना समोर बसवून वापरायला दिलं तरी बहुतेक दोष दिसून येतात. आपल्या देशातही सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून नियमावली आहे, तिची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. म्हणजे ज्ञान कमी नव्हतं. एखाद्या अंगणवाडीत पाच बहिणींना तो फॉर्म भरायला दिला असता, तर ‘हो-नाही’चा घोळ पहिल्या दुपारीच कळला असता. आणि बायकांना मोबाइल कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ते वाक्य स्वतः एकदा वाचून पाहावं.

असा फॉर्म पुन्हा समोर आला तर सायबर कॅफेवाल्याच्या हाती सगळं सोपवू नका. प्रत्येक विधान त्याला मोठ्याने वाचायला लावा. वाक्यात ‘नाही’ असेल तर उत्तर देण्याआधी पूर्ण वाक्य आपल्या शब्दांत म्हणा: ‘आमच्या घरात कोणी सरकारी नोकर नाही, हे खरं आहे, म्हणून हो.’ शेवटचं बटण दाबण्याआधी भरलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. पैसे थांबले तर सेविकेला दाखवायला तो हाताशी असेल.