जुनं चेनचं मशीन घेताना खाली वाकून बघा

पारनेर-पाथर्डीकडच्या पडीक रानातली वेडी बाभूळ काढून जमीन सारखी करायची म्हटलं, की टायरवरचं जेसीबी लवकर दमतं. मुरमाड उतारावर टायर घसरतात, राहुरी-नेवाशाच्या ओल्या काळ्या रानात रुततात. चेनच्या मशीनचं वजन लांब पट्ट्यांवर पसरतं, म्हणून ते तिथे टिकतं. आर्मर्ड कोअरचे रणगाडे रोज पाहणाऱ्या नगरकरांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे बकेट असलेला चेनचा लोडर झुडपं मुळासकट उपटतो, माती ढकलतो आणि डंपरही भरतो. तरीही माझं मत स्पष्ट आहे: स्वस्तात मिळाला म्हणून तो घेऊ नका. हा प्रकार आपल्याकडे तुरळक, त्यामुळे एक सील गेलं तरी मशीन महिनाभर उभं राहू शकतं. त्यापेक्षा बीईएमएलचा जुना डोझर किंवा पोकलेन बरा. त्याचे स्पेअर मिळतात आणि हात लावणारा मेकॅनिकही.

व्यवहाराला गेलात की ताज्या रंगाकडे बघू नका, खाली वाका. खरा खर्च चेन, रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट यांत दडलेला असतो आणि मुरूम हे सगळं झपाट्याने खातो. पिन-बुश झिजले की चेन लांबते, मग ती स्प्रॉकेटवर नीट बसत नाही आणि त्याचे दात वाघनखासारखे टोकदार होतात. असे दात दिसले, तर पूर्ण अंडरकॅरेजचा खर्च धरूनच भाव करा. रोलरभोवती तेलाची ओल दिसली, तर सील गेलं म्हणून समजा.

इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेलं मशीन स्टार्टिंगची खोड लपवतं. चालू इंजिनच्या ऑइलच्या झाकणातून जोरात धूर फुंकला जात असेल, तर रिंग-पिस्टनचं काम निघणार. भरलेली बकेट उचलून इंजिन बंद करा. ती भराभर खाली बसली, तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. मग सरळ चालवून बघा, मशीन एका बाजूला ओढतंय का ते. तासांच्या मीटरवर मात्र विसंबू नका, तो बदलता येतो.

मूळ बिल आणि फायनान्स कंपनीची एनओसी हातात आल्याशिवाय विसार देऊ नका. परवानगीशिवाय मुरूम उपसला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार दंड होतो आणि मशीनही जप्त होऊ शकतं.

सपाटीकरणात वरची माती आधी बाजूला काढून ठेवा, खालचा मुरूम सारखा करा आणि मग तीच माती पुन्हा पसरा. ऑपरेटर घाई करतात आणि ही माती मुरमाखाली गाडली जाते. ती पुन्हा तयार व्हायला शतकं लागतात.

घरचीच दहा-वीस एकर जमीन नीट करायची असेल, तर मशीन विकत घेऊच नका. तासाच्या दराने भाड्याने बोलवा आणि काम संपेपर्यंत स्वतः बांधावर उभे राहा.