मुले घरोघरी, स्वयंपाक एकत्र

२०२० सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील खेड्यांतल्या मुलांचा नाताळ सुनासुना जाणार अशी चिन्हे होती. कोरोनामुळे मेळावे बंद, कित्येक शाळाही बंद. शेतावरची घरे तर मुळातच एकमेकांपासून लांब. मग तिथल्या अनेक फोर-एच मंडळांनी स्वयंपाकाचे वर्ग संगणकाच्या पडद्यावर भरवले.

१९०२ साली ओहायो राज्यातील क्लार्क परगण्यात ए. बी. ग्रॅहम या शिक्षणाधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुलांचे मंडळ काढले. तिथून ही चळवळ वाढली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार इंग्रजी शब्दांचे पहिले अक्षर एच, म्हणून हे नाव. पूर्वी मुलगे मका पिकवीत आणि मुली टोमॅटो डबाबंद करीत. आता मुलगेही कणीक मळतात, हे बरेच झाले!

नाताळात तिकडे जिंजरब्रेड करतात. मैदा, लोणी, साखर, सुंठ, दालचिनी, लवंग आणि आपल्या काकवीसारखी काळी मळी. मळलेला गोळा गार करून लाटायचा. गार केला नाही तर तो चिकटतो आणि आकार बिघडतात. एवढ्यासाठी वर्ग खोळंबू नये म्हणून गोळा आदल्या दिवशीच करून ठेवलेला बरा. सामानाची यादी आधी घरोघरी पोचलेली हवी. कृतीही कागदावर हाताशी हवी, कारण खेड्यातले इंटरनेट कधी दगा देईल याचा नेम नसतो. आणि शिकवणाऱ्या ताईचा चेहरा नव्हे, हात दिसले पाहिजेत! भट्टीपाशी मात्र घरातले मोठे माणूस हवेच. ते काम पडद्यावरून होत नाही.

एक गोष्ट आपल्याकडच्या आयांनीही ध्यानात घ्यावी. शंकरपाळ्यांचे पीठ मळताना मूल चिमूटभर तोंडात टाकते आणि आपण हसून सोडून देतो. कच्च्या मैद्यात ई. कोलायसारखे जंतू असू शकतात. भाजल्या-तळल्याखेरीज ते मरत नाहीत.

भाजलेल्या तुकड्यांचे घर उभारणे ही खरी गंमत. पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा चुना करून भिंती जोडायच्या. इथेही कच्च्या बलकाऐवजी त्याची निर्जंतुक भुकटी वापरलेली बरी. भिंतींना डब्यांचा टेकू द्यायचा, त्या चांगल्या वाळल्या की मगच छप्पर चढवायचे. मुलांना धीर कुठला? छप्पर घाईने चढते आणि सगळे घर बसते. बसलेले घर खाऊन टाकायला मात्र कुणाची ना नसते.