समुद्रापासून दूर, तरीही बंदर

महाडच्या एस. टी. स्थानकावर उतरल्यावर हे गाव समुद्राशी नाते सांगणारे आहे, असे मुळीच वाटत नाही. चहूकडे डोंगर, आणि अरबी समुद्र खाडीच्या वाटेने चाळीस-पन्नास किलोमीटर दूर. तरीही महाड हे जुने बंदर. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून इथे उतरे आणि गलबतांतून बाणकोटच्या खाडीने समुद्राकडे जाई. गावाजवळ गांधारपाले येथे डोंगरात कोरलेली सुमारे तीस बौद्ध लेणी या वाटेचे प्राचीनत्व सांगतात.

गेल्या हिवाळ्यात काही शिक्षकांबरोबर आम्ही महाड आणि पोलादपूरचा परिसर पाहिला. सावित्रीच्या काठी उभे असताना एका शिक्षकांनी विचारले, "समुद्र इतका लांब, मग इथे बंदर कसे?" प्रश्न साधा होता. पण उत्तर शोधताना आमच्या लक्षात आले की, ज्या कारणांनी महाडला बंदर दिले, त्याच कारणांनी महाडला पूरही दिला आहे.

थंड झालेला लाव्हा

ज्वालामुखी आणि बंदर हे शब्द एकत्र आले की अटलांटिक महासागरातील आइसलँडजवळचे हैमाए बेट आठवते. २३ जानेवारी १९७३ च्या पहाटे तेथे गावालगतच जमीन फाटली आणि लाव्हा बाहेर पडू लागला. मासेमारीच्या बोटी बंदरात होत्या, म्हणून सुमारे पाच हजार लोक काही तासांत सुरक्षित बाहेर पडले. पुढे लाव्हा बंदराचे तोंड बुजवू लागला, तेव्हा लोकांनी त्यावर पंपांनी समुद्राचे पाणी मारून तो गोठवला आणि बंदर वाचवले.

महाडही लाव्हाच्याच खडकावर वसले आहे. फरक एवढाच की, येथला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. भेगांतून एकामागून एक वाहिलेल्या लाव्हाचे थर साचून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. या थरांचे रासायनिक गुणधर्म पाहून भूशास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडले आहेत. त्यांपैकी तीन गटांची नावे खालून वर अशी आहेत : पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर. आपल्या तालुक्याचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत आहे, हे पोलादपूरच्या मुलांना जरूर सांगावे. आंबेनळी घाटाने वर जाताना मुले हे थर एकामागून एक ओलांडतात.

दोन उतारांची नदी

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. तेथील पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. पोलादपूरला पोचेपर्यंत नदी हजार मीटरांहून अधिक खाली येते. म्हणजे जवळजवळ सगळी उंची ती पहिल्या टप्प्यातच संपवते. महाडपासून पुढे समुद्रापर्यंत उतार नाममात्र उरतो.

उतार इतका कमी असल्यामुळेच भरतीचे पाणी खाडीतून थेट महाडच्या परिसरापर्यंत चढते. भरतीबरोबर गलबते आत येत आणि ओहोटीबरोबर बाहेर जात. शीड किंवा वल्ही यांना चंद्राची फुकट मदत मिळे. बंदर कसे, या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

आता पावसाळ्याचा विचार करू. वरच्या तीव्र उतारावरून पाणी प्रचंड वेगाने येते. येताना ते दगड, वाळू आणि माती आणते. सपाटीवर वेग मंदावला की नदी हे ओझे टाकून देते. पात्र उथळ होते, मध्येच गाळाची बेटे तयार होतात. २०२१ च्या पुरानंतर ही बेटे आणि गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले, ते याच कारणाने.

त्यात भरती आली तर? पाणी वाहते ते दोन टोकांच्या पातळ्यांमधील फरकामुळे. खालच्या टोकाची पातळी वाढली की हा फरक कमी होतो आणि पुराचे पाणी तुंबते. समुद्र जणू दार लोटून घेतो.

२२ जुलै २०२१ ला नेमके हेच जुळून आले. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पौर्णिमा दीड दिवसावर आली होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते. महाड शहर पाण्याखाली गेले.

दरड का कोसळते?

त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. २००५ च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच दुःख पाहिले होते.

कठीण बेसाल्टचा डोंगर असा का ढासळतो? कोट्यवधी वर्षे ऊन-पाऊस खाऊन बेसाल्टचा वरचा भाग कुजतो आणि त्याची माती होते. ही माती उतारावर टिकून राहते ती कणांमधील घर्षणामुळे. पाऊस मुरत गेला की कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात. खालचा अखंड खडक पाणी सहज आत घेत नाही, म्हणून ते मातीच्या तळाशी साचते. त्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो आणि घर्षण घटते. दुसरीकडे भिजलेल्या मातीचे वजन वाढलेले असते. एका क्षणी सगळा थर खडकावरून घसरतो.

जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, वाढणे किंवा आटणे, या खुणा दिसल्या तर पाऊस थांबण्याची वाट न पाहता तेथून दूर जावे. ही माहिती मुलांमार्फत घराघरांत पोचू शकते.

वर्गात करून पाहा

१. एका फळीवर वाळूचा बोटभर थर द्या. फळी थोडी तिरकी करून ठेवा. झारीने हळूहळू पाणी घाला आणि वाळू केव्हा घसरते ते पाहा. किती पाणी लागले ते मोजा. फळीचा कोन बदलून पुन्हा करा.

२. कोकणातील दर्यावर्दींचा एक ठोकताळा आहे : तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, तेव्हा पाऊण तासाचा हिशेब बराच जवळचा आहे. ही वेळ समुद्रकिनाऱ्याची. खाडीतून आत यायला भरतीला आणखी वेळ लागतो. तो किती, हे महाड-दासगावच्या मुलांनी सुरक्षित जागी उभे राहून, कोरड्या ऋतूत, स्वतः मोजावे.

३. शाळेत पर्जन्यमापक बसवा. सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी एवढे साहित्य पुरते. रोजच्या पावसाशेजारी तिथी आणि भरतीची वेळ लिहा.

आम्ही हा हिशेब २२ जुलै २०२१ साठी करून पाहिला. त्या रात्री चतुर्दशी होती. चौदा गुणिले पाऊण, म्हणजे साडेदहा. शहरात पाणी चढत होते त्याच रात्री समुद्रालाही भरती होती. शाळेच्या वहीत अशी नोंद असली, तर मुसळधार पावसाच्या दिवसांत उधाण केव्हा येणार आहे हे आठवीतल्या मुलालाही आदल्या दिवशी ओळखता येईल, आणि घरातले सामान वरच्या मजल्यावर नेण्यास तेवढा वेळ पुरतो.